सेवेतून बळ मिळतं म्हणतात, मग माझं का संपलं?

वडगाव शेरीतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४८, एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. अडीच वर्षं डायलिसिसवर असलेले त्यांचे पती नऊ महिन्यांपूर्वी ख्रिस्तवासी झाले. घरात ७६ वर्षांच्या सासूबाई, डिप्लोमा करून नोकरी शोधणारा मुलगा आणि बारावीतली मुलगी. पती गेल्यावर पाचव्या महिन्यात चर्चच्या पाळकांनी आणि महिला मंडळानं सुचवलं, ‘रुग्णभेटीला येत जा, दुसऱ्याचं दुःख पाहिलं की आपलं हलकं होतं.’ त्या आठवड्यातून दोनदा, ऑफिस सुटल्यावर, एका मोठ्या हॉस्पिटलात एकट्याच जाऊ लागल्या. पहिला महिना खरंच बरं वाटलं. पुढे डायलिसिसच्या विभागातून आलं की रात्री झोप लागेना, सासूबाईंवर ओरडणं होऊ लागलं. सहा आठवड्यांपूर्वी त्यांनी जाणं बंद केलं. आता रविवारची उपासनाही टळते, कारण ‘हल्ली दिसत नाही?’ हा प्रश्न नको वाटतो. त्या विचारतात, ‘सेवेतून बळ मिळतं म्हणतात, मग माझं का संपलं? माझा विश्वास कमी पडला का? पुन्हा सुरू करू का?’ पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘एवढं केलं तर मुलाच्या नोकरीचं तरी प्रभू बघेल, असंही मनात होतं.’

ताई, सलाम.

तुमचा विश्वास कमी पडलेला नाही. जागा चुकली आणि प्रमाण चुकलं. डायलिसिसची एक पाळी चार तासांची, आठवड्यातून दोन किंवा तीन. अडीच वर्षांत तुम्ही अडीचशे-तीनशे वेळा तरी त्या बाहेरच्या बाकावर बसला असाल. तो वास, यंत्राचा तो गजर, सुई काढल्यावर दाबून धरलेला तो कापूस, हे सगळं अंगात मुरलेलं असताना पाच महिन्यांच्या आत तुम्ही त्याच दारातून पुन्हा आत गेलात, तेही दिवसभर ऑफिस करून, आठवड्यातून दोनदा. शरीरानं नकार दिला. त्या नकाराला अविश्वास म्हणणं म्हणजे ताप आला म्हणून आजाऱ्याला रागावणं.

दुसऱ्याचं दुःख पाहिलं की आपलं हलकं होतं, हे अर्धंच खरं आहे. पहिल्या महिन्यात तुम्हाला बरं वाटलं ते खोटं नव्हतं. आपला कुणाला उपयोग होतो, ही जाणीव शोकात फार मोठी असते. पण त्यावरून तुम्ही आणि मंडळीनंही, म्हणजे चर्चमधल्या लोकांनीही, एक हिशेब मनात धरला, की थोड्या सेवेनं थोडं बरं वाटतं तर जास्त सेवेनं जास्त वाटेल. तसं होत नाही. दुसऱ्याच्या दुःखाजवळ बसताना आपलं दुःख बाजूला ठेवावं लागतं, आणि बाजूला ठेवलेलं दुःख रात्री परत येतं. त्यासाठी दिवसात कुठेतरी जागा केलेली नसेल, तर ते घरात जो पहिला भेटेल त्याच्यावर निघतं.

आता एक गोष्ट तुमच्यापेक्षा तुमच्या मंडळीनं ऐकावी म्हणून लिहिते. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी तक्रार आली. तेव्हा प्रेषितांनी प्रार्थना वाढवा असं सांगितलं नाही. सात माणसं नेमली आणि वाटपाची घडी बसवली. त्या वाटपात विधवा घेणाऱ्यांच्या बाजूला होत्या. नऊ महिन्यांपूर्वी पती गमावलेली, घर एकटीच्या पगारावर चालवणारी बाई आज त्या यादीत आहे जिच्याकडे मंडळीनं जायचं असतं. ती यादी पुसून तुमचं नाव थेट वाढणाऱ्यांच्या यादीत लिहिलं गेलं, आणि तुम्हीही ते मुकाट्यानं लिहू दिलंत. सेवा घेणं अवघड जातं, हे खरं. येशूनं शिष्यांचे पाय धुतले तेव्हा पेत्रालाही ते धुवून घेणं जमत नव्हतं. पण ‘मला धुऊ दिलं नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही’ असं प्रभूनं त्याला सांगितलं. म्हणून पुढचा एक महिना तुम्ही घ्यायला शिका. कुणी डबा पाठवतो म्हणालं तर ‘कशाला त्रास’ म्हणू नका, ‘गुरुवारी चालेल, चौघांचा’ असं सांगा. वार आणि आकडा सांगितला की मदत खरोखर येते, नाहीतर बोलण्यातच राहते.

तुमच्या पत्रात सासूबाई फक्त एका वाक्यात आहेत, आणि ते वाक्य तुमच्या ओरडण्याबद्दल आहे. ताई, त्या ७६ वर्षांच्या आहेत आणि त्यांचा मुलगा गेला आहे. तुमच्या घरात एकाच माणसासाठी शोक करणाऱ्या दोन बायका आहेत, एक भिंतीच्या या बाजूला, एक त्या. बायबलमधलं रूथचं पुस्तक आपण लग्नात फार वाचतो, ‘तू जाशील तिथं मी येईन’ एवढंच. ते लग्नाचं पुस्तक नव्हे. ते दोन विधवांचं, सासू-सुनेचं आहे. सासू नामी बेथलेहेमला परतते तेव्हा वेशीत जमलेल्या बायकांना तोंडावर सांगते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, सर्वसमर्थानं माझं जिणं कडू केलं आहे. या बोलण्यावर पवित्र शास्त्रात तिला कुणीही रागावत नाही. तुझा विश्वास कमी आहे असं कुणी म्हणत नाही. आणि रूथ तिला धीराचे चार शब्दही सांगत बसत नाही. ती जवाच्या हंगामात शेतात सरवा वेचायला जाते, संध्याकाळी धान्य झोडून आणते, आणि स्वतः जेवून उरलेलं सासूपुढे ठेवते. आधी स्वतः जेवली आहे, हे लक्षात घ्या.

तुमची पहिली सेवा घरातली आहे, आणि ती अगदी थोडी करायची आहे. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं, चहाच्या वेळी, टीव्ही बंद करून, सासूबाईंजवळ बसा. सल्ला द्यायचा नाही, वचनही लगेच काढायचं नाही. त्यांना त्यांच्या मुलाच्या लहानपणाचं काहीतरी विचारा. त्या रडल्या तर रडू द्या, तुम्हाला आलं तर तुम्हीही रडा. पहिले काही दिवस दोघींनाही अवघडल्यासारखं होईल, त्या औषधाच्या गोळ्यांबद्दल किंवा शेजाऱ्यांबद्दलच बोलतील. बोलू द्या. झालेल्या ओरडण्याची एकदा माफी मागा, एकदाच, कारणं न सांगता. प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहितो की मुलानातवंडांनी देवभक्ती आधी आपल्या घरी आचरायला शिकावं. हॉस्पिटलातल्या अनोळखी आजीजवळ बसणं सोपं जातं, कारण तिनं आपल्याला पूर्वी काही बोललेलं नसतं. घरातली सेवा अवघड असते, आणि तिच्यासाठी मंडळीत टाळ्या नाहीत.

आता तुमची ती शेवटची ओळ. ती तुम्ही लिहिलीत याचं मला फार मोल वाटतं, कारण बहुतेक जण ही गोष्ट प्रार्थनेतही कबूल करत नाहीत. मुलाची नोकरी हवी असणं यात काही वाईट नाही. ती सरळ मागा, रोज मागा. पण सेवेला तिची किंमत करू नका. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या वेळी उजवीकडच्या लोकांना राजा सांगतो की मी आजारी होतो, तुम्ही माझ्या समाचाराला आलात. त्यावर ते गोंधळून विचारतात, कधी? त्यांच्याकडे हजेरीची वही नव्हती. वही ठेवली की दोन गोष्टी होतात. नोकरी लागली नाही तर देवानं व्यवहार मोडला असं वाटतं, आणि आपण थकून थांबलो तर मुलाची नोकरी आपल्यामुळे अडली असं वाटतं. हे दुसरं ओझं तुम्ही सहा आठवडे वाहत आहात असा मला दाट संशय आहे. ते खाली ठेवा. ते तुमचं नाही.

मग पुढे काय? तीन वाटा दिसतात. पूर्वीसारखंच पुन्हा सुरू करणं ही पहिली, आणि ती मी सरळ नाकारते. सगळं कायमचं सोडणं ही दुसरी. त्यातही मला धोका दिसतो, कारण ‘मी कुणाच्या कामाची नाही’ हे वाटणं तुम्हाला आणखी आत ढकलेल. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीनं गेले. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून मुलींना घेऊन आल्या, निराधार स्त्रिया-मुलींना आसरा देणारं केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं. भुकेची ती जखमच पुढे कामाला आली, पण मधे वीसेक वर्षं गेली होती. जखमेतून सेवा निघते हे खरं, ओल्या जखमेतून लगेच निघावी असा नियम नाही.

तिसरी वाट अशी: एक महिना पूर्ण विश्रांती, आणि मग वेगळं काम, वेगळ्या जागी, थोडं, मुदत ठरवून. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली ‘आता पुरे’ म्हणून मरण मागत होता, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाकर दिली, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. नवी कामगिरी त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तुमचा महिना तसाच जाऊ द्या: झोपेची वेळ ठरलेली, जेवण चुकवायचं नाही, प्रार्थना छोटी चालेल, एखादं स्तोत्र मोठ्यानं वाचणंही पुरे.

आणि काम कोणतं? पौल करिंथकरांना लिहितो की देव आपलं सांत्वन करतो ते दुसऱ्यांचं सांत्वन आपल्याला करता यावं म्हणून. आपण याचा अर्थ जवळ बसून धीर देणं एवढाच करतो. पण अडीच वर्षांत तुम्ही आणखी एक गोष्ट शिकलात, जी पाळकांनाही येत नाही: हॉस्पिटलची कागदपत्रं. वर तुम्ही शाळेच्या क्लार्क. एकाच मुलाचं नाव तीन दाखल्यांवर तीन तऱ्हेनं लिहिलेलं तुम्ही दर जूनमध्ये सोडवता. नेमक्या याच कारणानं गरीब रुग्णांची कामं अडतात.

म्हणून मंडळीच्या एखाद्या खोलीत महिन्यातून दोन शनिवारी, चार ते सहा, एक टेबल मांडा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या उपचारांसाठी योजनेतल्या हॉस्पिटलात रुग्णांच्या मदतीला नेमलेला आरोग्यमित्र असतो, आधी त्याला भेटायचं, हे बऱ्याच घरांना बिल भरून झाल्यावर कळतं. धर्मादाय रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवकाला गाठावं लागतं, बिलिंगच्या खिडकीवर विचारून भागत नाही. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, म्हणून आकडा तोंडपाठ सांगू नका, त्या वेळी विचारून घ्या. कागद साधारण हेच लागतात: आधार, रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक, आधीचे रिपोर्ट. अडतं ते इथे: आधारवर लग्नानंतरचं नाव आणि रेशनकार्डावर माहेरचं, दाखल्याची मुदत संपलेली, रुग्णाचं नाव रेशनकार्डातून मुलाच्या नव्या कार्डावर गेलेलं. दाखला निघायला वेळ लागतो, म्हणून माणूस ॲडमिट होण्याआधी कागद तयार असणं यातच निम्मं काम आहे. मंडळीतल्या साठीपुढच्या प्रत्येक घराची फाइल आधीच लावून ठेवली तरी केवढी धावपळ वाचेल!

काही पथ्यं पाळा. मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका, झेरॉक्सचे दोन संच करून मूळ तिथल्या तिथे परत द्या. कुणाचा ओटीपी विचारू नका. आधारचे फोटो मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. उत्पन्न कमी दाखवून द्या म्हणून कुणी गळ घातली तर नाही म्हणा, ओळखीचे असले तरी. एका वहीत तारीख, कोणता कागद बाकी आणि तो कोण आणणार, एवढं लिहा. महिन्यात तीनच घरं घ्या. चौथं आलं तर पुढच्या महिन्याची तारीख द्या. टेबलावर एकट्या बसू नका, सोबत कुणीतरी हवंच. तुमच्या मुलाला पोर्टलवर अर्ज भरायला आवडत असेल तर त्याला विचारा, जबरदस्ती नको. आणि हे बारा आठवड्यांपुरतं आहे असं पहिल्याच दिवशी जाहीर करा. मुदत संपल्यावर चालू ठेवायचं की सोडायचं हे तेव्हा ठरेल. मुदत नसलेली सेवा माणूस अपराधी होऊनच सोडतो.

तुमच्यासारख्याच अवस्थेतून जाणाऱ्या पण रुग्णभेट सोसवणाऱ्या वाचकांसाठी थोडं. वॉर्डच्या सिस्टरना विचारल्याशिवाय कॉटपाशी जाऊ नका. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. दहा-पंधरा मिनिटं पुरतात, आणि पलंगावर बसायचं नाही. डायलिसिसच्या रुग्णाला प्रेमानं शहाळं, केळी, संत्र्याचा रस नेणारी माणसं अजून भेटतात. मूत्रपिंड काम करत नसल्यानं त्यातलं पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाण्याचंही त्यांना मापच असतं, तेव्हा ‘थोडं पाणी द्या’ म्हटलं तरी सिस्टरना विचारा. काही न्यायचंच असेल तर चार तास बाहेर बसणाऱ्या नातेवाइकाला डबा न्या, त्याची आठवण कुणाला नसते. दहा डब्यांना चाळीस पोळ्या, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास कणीक, आणि दीड किलो भाजी, सुकी. पोळ्यांची वाफ जाऊ द्या, नाहीतर डब्यात ओल्या होतात. दहीभात, पनीर, ओल्या खोबऱ्याची चटणी नको, पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत टिकत नाही. शिजल्यापासून चार तासांत खाल्लं जाईल असं बघा.

आणखी दोन गोष्टी मला आग्रहानं सांगायच्या आहेत. ‘प्रभू नक्की बरं करील’ असं वचन कुणालाही देऊ नका. ते आपल्या हातात नाही, आणि रुग्ण गेला तर त्या घरात देवाबद्दलचा राग आपण पेरून येतो. आणि शेजारच्या कॉटवर कोणत्याही धर्माचा माणूस असेल, त्याच्या हातात धर्मप्रचाराची पत्रिका ठेवू नका. त्यानं स्वतः मागितली तरच प्रार्थना करा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. त्याच्या या अडचणीचा फायदा घेतला की केलेली मदत आमिष ठरते. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्यानं वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधल्या, उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, आणखी लागलं तर परत येताना देईन म्हणाला आणि आपल्या वाटेला लागला. त्या जखमी माणसाचा धर्म त्यानं विचारला असं कुठे लिहिलेलं नाही.

भेटीहून थेट घरी जाऊ नका. सोबतच्या माणसाबरोबर वीस मिनिटं कुठेतरी बसा, चहा घ्या, आज काय जड गेलं ते एकमेकांना सांगा, भेटलेल्यांना प्रभूच्या हाती सोपवा आणि मग निघा. तुम्ही एकट्या जात होता, ताई, म्हणून हे सोपवणं कधी झालंच नाही. प्रभूनं शिष्यांना दोघादोघांनी पाठवलं होतं.

तुम्ही झोपेबद्दल लिहिलंत म्हणून विचारते: सहा आठवड्यांनंतरही झोप लागत नाही का? भूक नाही, कामात लक्ष नाही, आपण नसलो तरी चालेल असं मनात येतं, असं दोन आठवडे सलग होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, वाट पाहू नका. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. गोळी घ्यावी लागली तर घ्या. रक्तदाबाची घेताना आपण विश्वासाचा प्रश्न काढत नाही.

पाळकांना या आठवड्यात एक निरोप पाठवा, लांबलचक नको: ‘पाळकसाहेब, रुग्णभेट मला सध्या झेपत नाही. महिनाभर थांबते. त्यानंतर कागदपत्रांच्या मदतीचं काम करायची इच्छा आहे, त्याबद्दल बोलायला येईन. तोवर आमच्या घरी एकदा भेट द्यावी, सासूबाईंना बरं वाटेल.’ पाळक भले असतील तर त्यांना हे लगेच समजेल. त्यांनी पुन्हा आग्रह धरला तर तोच निरोप तसाच पुन्हा पाठवा, नवी कारणं जोडू नका.

रविवारी जा. मागच्या बाकावर बसा, आशीर्वचन झालं की निघा, महिनाभर असंच चालेल. ‘दिसत नाही?’ म्हणणाऱ्यांना ‘बरं नव्हतं, आता येतेय’ एवढं पुरे. महिला मंडळातल्या एकाच विश्वासाच्या बाईला खरं सांगा आणि तिलाच शेजारी बसायला सांगा. बाकीच्यांना ती परस्पर सांभाळून घेईल.

तीन महिन्यांनी पहिला स्मृतिदिन येईल. त्या आठवड्यात टेबलाचं काम ठेवू नका, वहीत आत्ताच फुली मारा. तसंच लग्नाचा वाढदिवस आणि नाताळचा आठवडा. स्मरणाची प्रार्थना घरी ठेवायची की कबरस्तानात जायचं, हे सासूबाईंना विचारून ठरवा. मुलांनाही विचारा. दोघींचं मत वेगळं निघालं, तर सकाळी एक आणि संध्याकाळी एक, दोन्ही करता येतं.